डॉक्टर न झालेले बेलखोडे साहेब

पेपरवाल्यांनी शेवटी त्यांना डॉक्टर करूनच टाकलं. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात चार ओळी: ‘माजी राजदूत डॉ. मनोहर बेलखोडे यांचे निधन.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि सरळ पेपरच्या ऑफिसात फोन लावला. म्हटलं, अहो, ते डॉक्टर नव्हते.

तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या जुन्या बातमीत तर मानद डॉक्टरेट दाखवून राहिलं.”

“दाखवत असेल. त्यांनी ती घेतली नाही.”

“पण मिळाली होती ना?”

आता याला काय सांगायचं, कपाळ माझं! मी फोन ठेवून दिला आणि कणीक मळायला घेतली. रडू आलं नाही. मला वाटलं होतं येईल.

धरमपेठेत आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या डोक्यावर. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला हा माणूस. वडलांची संत्र्याची थोडीशी झाडं होती, तेवढ्यावर पोराला नागपूरला शिकायला ठेवलेलं. तिथून परराष्ट्र खात्यात गेले, जगभर हिंडले आणि एका लहानशा देशात राजदूत म्हणून निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, मुलगी परदेशात. इतका मोठा माणूस दिल्ली सोडून नागपूरच्या उन्हात काय करून राहिला, असं सगळ्यांना वाटायचं. कोणी विचारलंच, की इथे करमतं का साहेब, दिल्लीला घर घ्यायचं होतं, तर ते मान हलवून म्हणायचे, “विचार करण्यासारखं आहे.”

या वाक्याचा अर्थ कळायला आम्हाला वर्ष लागलं. कोणाला नकार द्यायला या माणसाच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. आयुष्यभर नोकरीत वापरलाच नाही म्हणे, तो गंजून गेला असणार. सोसायटीचं अध्यक्षपद घ्या म्हटलं, विचार करण्यासारखं आहे. आणखी एक पुरणपोळी घ्या म्हटलं, विचार करण्यासारखं आहे. म्हणजे नको. एकदा माझ्या हातच्या भरल्या वांग्यांची ते फार तारीफ करायला लागले, तेव्हा मी समजले की मीठ जास्त झालं आहे.

स्वतः ‘नाही’ म्हणायचे नाहीत, पण दुसऱ्याच्या ‘हो’मधलं ‘नाही’ त्यांना बरोबर ऐकू यायचं. आमच्या टाकीचा पाइप फुटला होता. प्लंबर म्हणाला, “हो साहेब, उद्या सकाळी येऊन जातो.” तो जिना उतरला तसे साहेब म्हणाले, “सुनंदाताई, दुसरा बघा. हा येणार नाही.” मी म्हटलं, अहो, एवढं तोंडावर हो म्हणून गेला. “म्हणूनच,” ते म्हणाले, “ज्याला यायचं असतं तो आधी पाइप किती इंची आहे ते विचारतो.” प्लंबर नाहीच आला. मेला फोनही उचलेना. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कोणी कशालाही हो म्हटलं, की लोक साहेबांच्या तोंडाकडे पाहायचे.

गणपतीच्या जेवणाची गोष्ट तर अजून निघते. वरच्या मजल्यावरचे दोन शेजारी गाडी लावण्याच्या जागेवरून भांडलेले, एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. वडाभाताचा बेत होता. साहेबांनी वाढपी नेमले. एकाच्या हातात वडाभाताचं पातेलं दिलं आणि दुसऱ्याच्या हातात फोडणीच्या तेलाचं भांडं. आता वडाभातावर तेल नसेल तर नागपूरचा माणूस घास उचलतो का? पंगतीतून ओरडा सुरू, “अरे, तेल कुठंय, तेल?” दोघांना मुकाट्यानं जोडीनं फिरावं लागलं. तिसऱ्या पंगतीला एक दुसऱ्याला म्हणाला, “जरा भरभर चाल ना गा.” झालं, बोलणं सुरू. साहेब कोपऱ्यात बसून ताक पीत होते, चेहऱ्यावर काही नाही.

आमच्याशी ते पुस्तकातल्यासारखी शुद्ध मराठी बोलायचे. पण संत्रीवाला, वॉचमन, रिक्षावाला दिसला की भाषाच बदलायची. “काहून गा, आंबट तं नाही न देऊन राहिला मले?” त्याचा त्यांना भारी अभिमान. सारं जग फिरलो, पण माझी बोली विसरलो नाही, असं ते सांगायचे, आणि हे सांगताना तेवढे मात्र खरोखर खूश दिसायचे.

आणखी एक सवय. पाहुणा निघाला की ते फाटकापर्यंत यायचे आणि त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे राहायचे. ऊन असो, पाऊस असो. दूधवाल्यासाठीसुद्धा! मी एकदा हसले तर म्हणाले, “जाणाऱ्यानं मागं वळून पाहिलं आणि तिथं कोणीच नसलं, तर कसं वाटेल?”

सगळ्या देशांच्या गोष्टी सांगायचे, फक्त शेवटच्या देशाची नाही. तिथे दंगे झाले, विमानतळ बंद झाला, आपली माणसं अडकली आणि यांनी ती बाहेर काढली, एवढं पेपरात आलं होतं. त्याबद्दल विचारलं की ते पाणी आणायला आत जायचे.

त्याच कामासाठी विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट जाहीर केली. मी त्या विद्यापीठात, दीक्षान्त विभागात, आयुष्य काढलेलं. झगे, पदव्या, खुर्च्यांच्या रांगा, हेच माझं काम. तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते, तरी ऑफिसातून फोन आला, सुनंदाताई, तुमच्या खालीच राहतात ना, तेवढं झग्याचं माप घेऊन टाका. मी टेप घेऊन गेले. साहेब आधीच आरशासमोर उभे होते, बुशशर्टची वरची गुंडी लावून.

खांद्याचं माप घेताना ते आपणहून बोलायला लागले. त्यांनी इथेच पीएचडीला नाव घातलं होतं. ते ऐकून वडलांनी दुसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डावर ‘डॉ. मनोहर’ लिहायला सुरुवात केली. वडील दुसरी शिकलेले. यांनी सांगितलं, बाबा, अजून वेळ आहे, तरी ते लिहीतच राहिले. मग सरकारी नोकरी लागली आणि पीएचडी राहून गेली. वडलांना ते सांगायचंही राहिलं. ते जाईपर्यंत ‘डॉ.’च लिहीत होते.

“आता खोटं पडणार नाही ते,” साहेब म्हणाले आणि हात वर केले, माप घेता यावं म्हणून. संध्याकाळी ते संत्रा बर्फीचा पुडा घेऊन प्रत्येक फ्लॅटची बेल वाजवत फिरले. एवढी हौस मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं, खरंच.

आठवड्याच्या आत विद्यापीठाच्या फाटकासमोर सतरंजी पडली. बुटीबोरीच्या कारखान्यांतले काही कामगार आणि विद्यार्थी घोषणा देत होते, ‘मानद पदवी रद्द करा.’ मधोमध एक वाळका म्हातारा मांडीवर पोराचा फोटो घेऊन बसलेला. देवराव नेवारे त्याचं नाव, बुटीबोरीतच एका कंपनीच्या गेटवर नोकरीला. त्याचा एकुलता एक पोरगा प्रशांत इथल्या सूतगिरणीतून त्या देशातल्या गिरणीत गेला होता. दंग्यांच्या दिवसांत तो तापानं गेला. वकिलातीनं त्याला तिकडेच पुरलं. म्हाताऱ्याचं म्हणणं एकच, माझा पोरगा मला न विचारता पुरला, आणि ज्यानं पुरला त्याला तुम्ही शाल घालता.

पेपरांना तेच पाहिजे होतं. अधिसभेत दोन तट पडले. मी साहेबांना सरळ विचारलं, खरं काय ते सांगा. पहिल्यांदाच ते पाणी आणायला उठले नाहीत.

विमानं बंद होती. इस्पितळात वीज नव्हती आणि उन्हाळा तिकडचा. तिथे दहनाची सोय नाही, पुरावंच लागतं, आणि त्यालाही घरच्यांची संमती लागते. असले फोन कारकून करतात. पण पोरगा बुटीबोरीचा आहे म्हटल्यावर साहेबांनी फोन स्वतः लावला. आपल्या बोलीत बोलू, म्हाताऱ्याला धीर येईल. “मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, सुनंदाताई. इथंच करावं लागेल, तुमची हरकत नाही ना? ते म्हणाले, हो जी. मी दोनदा विचारलं. दोन्हीदा हो जी.”

“मग तसं सांगा ना सगळ्यांना! तो म्हातारा खोटं बोलून राहिला सरळसरळ,” मी म्हटलं. माझं डोकंच तापलं होतं.

आता मात्र ते पाणी आणायला उठले.

कुलगुरूंचंही तेच म्हणणं. दीक्षान्ताच्या आदल्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून माझ्याकडेच एक कागद आला, साहेबांची सही आणा म्हणून. मृताच्या वडलांनी फोनवर स्पष्ट संमती दिली होती, एवढंच निवेदन. दिल्लीहूनही दुजोरा मिळणार होता. सही केली की म्हातारा खोटा ठरणार, सतरंजी उचलली जाणार आणि उद्या साहेबांच्या नावापुढे ‘डॉ.’ लागणार.

साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, “मसुदा उत्तम आहे.” मला भरल्या वांग्यांची आठवण झाली. तेवढ्यात कुलगुरूंचाच फोन आला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “विचार करण्यासारखं आहे.” पलीकडून “थँक यू, थँक यू सर” असं मलासुद्धा ऐकू आलं. त्या भल्या माणसानं तो होकार समजला. त्या संध्याकाळीच पेपरांना बातमी गेली, नावांसकट. आमचा विभाग नेहमी आदल्या दिवशीच पाठवतो.

साहेब मात्र चपला घालून मला म्हणाले, “येता का जरा? मला त्यांना भेटायचंय.”

ऊन उतरलं होतं. घोषणा देणारी पोरं चहाला गेली असावीत. सतरंजीवर देवराव एकटाच. साहेबांना पाहून तो फोटो सांभाळत उठायला लागला. ज्याच्या विरुद्ध बसलाय त्याच्यासाठीच उठत होता! साहेबांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः समोर मांडी घातली. मी बाजूला उभी राहिले.

“देवराव, मी तुमाले फोन केला होता.”

“हो जी.”

“इथंच करा लागते, असं मी सांगतलं होतं.”

“हो जी.”

“तुमी हो म्हनलं होतं.”

“हो जी. म्हनलं.”

“मंग?”

देवराव फोटोची काच धोतरानं पुसायला लागला. “साहेबाले नाही कसं म्हनाव जी? पोरगा गेला हे आदल्याच दिवशी समजलं होतं. तुमी बोलून राहिले, माह्या कानात काही शिरूनच नोहतं राहिलं. मोठा मानूस बोलते तं आपन हो जी, हो जी करतो. तुमी आपल्या बोलीत बोलले. मले वाटलं, आपल्याकडचा मानूस हाये, याले सांगा नाही लागत, याले समजते. घरी म्हनलं, साहेब आनते पोराले.” त्यानं फोटो मांडीवर सरळ केला. “मंग विमान सुरू झालं तं गाडी घेऊन एअरपोर्टवर गेलतो मी. सारे उतरले. मी गाडीवाल्याले म्हनलं, थांब गा, सामान मागून येते.”

मी दुसरीकडे पाहिलं. फाटकावर आमचाच दीक्षान्ताचा मोठा फलक लावला होता, त्यावर साहेबांचा हसरा फोटो. म्हाताऱ्यावरचा माझा राग कुठे गेला मला कळलं नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलंही नाही.

“माझा बापही असाच होता,” साहेब म्हणाले. बोली सुटली होती, शुद्ध मराठीही सुटली होती, आवाज कुणाचा तरी तिसऱ्याचाच वाटत होता. “पटवारी असो, व्यापारी असो, हो जी. झाडावरची संत्री कोणी फुकट मागितली तरी हो जी. मग घरी येऊन जेवायचा नाही. मी लहानपणापासून पाहिलं होतं ते. दुनियाभरच्या मंत्र्यांचा हो मला ओळखू यायचा. तुमचा नाही आला.”

देवरावनं मान हलवली. त्याला यातलं किती समजलं कोणास ठाऊक. त्यानं आपलंच विचारलं, “तुमी त्याचं तोंड पायलं का जी?”

“पायलं. माती मीच देल्ली.”

म्हातारा एकदम पुढे सरकला आणि त्यानं साहेबांचा हात धरला. “मंग ते माह्या बायकोले येऊन सांगा. थे फोटोले हार नाही घालू देत. म्हनते, कोनी पायलं त्याले? कागदावर मेला म्हनून पोरगा मरते का? तेरवी नाही करू देत. दरवाजाची कडी नाही लावू देत. तुमी येऊन सांगा, बस. मले तुमच्या पदवीचं काही नाही.”

“उद्या सकाळी येतो,” साहेब म्हणाले.

“उद्या तं तुमचा कार्यक्रम हाये.”

“उद्याच येतो. घर कोनत्या गल्लीत हाये?”

प्लंबरची गोष्ट मला तेव्हा आठवली नाही, घरी आल्यावर आठवली.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. तिथे घरात बाईमाणूस सोबत असलेलं बरं, असं ते म्हणाले. वर्धा रोडनं जाताना त्यांचा फोन सारखा वाजत होता. तिकडे मांडवात पाहुणे जमत असतील, झगा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला असेल. त्यांनी फोन बंदही केला नाही, वाजू दिला. ते रात्रभर जागे असावेत. तोंडावर काहीच नव्हतं, दाढी तेवढी घोटून केलेली.

बुटीबोरीत कारखान्याच्या भिंतीला लागून दोन खोल्या. दार सताड उघडं. देवरावची बायको चुलीपुढून उठली नाही. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग देवरावकडे. तिला फसवायला कोणाला तरी धरून आणलंय, असंच तिला वाटत असावं.

साहेब जमिनीवर बसले. “बाई, मी तिथला साहेब. मी पायलं त्याले.”

“काय पायलं?” ती फटकन म्हणाली.

“कपाळावर इथं खोक होती, जुनी.”

ती म्हणाली, “आंब्यावरून पडला होता.” मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “लय त्रास झाला का त्याले?”

“ताप लय होता.”

“कोनी होतं का गा भाऊ, जवळ? जीव जाताना? पानी पाजाले?”

मी साहेबांकडे पाहिलं. मला ठाऊक होतं ते काय म्हणतील. म्हणजे, ठाऊक आहे असं मला वाटत होतं. एवढा गोड बोलणारा माणूस. होते ना बाई, सगळे होते, एवढं म्हटलं असतं तर कोणाचं काय जाणार होतं? मीसुद्धा तेच म्हटलं असतं. देवराव आशेनं त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

“नाही,” साहेब म्हणाले. “कोनी नोहतं.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं ‘नाही’.

“मी पोचलो तवा थो गेला होता,” ते पुढे म्हणाले. “कंपनीवाले पळून गेले होते. मी पोचलो, मंग त्याच्याजवळून हललो नाही. माती देईपर्यंत होतो. आनि तुमाले मी नीट विचारलं नाही, बाई. ते माह्याकडून चुकलं.”

तेव्हा ती रडली. किती वर्षांचं साठलेलं कोण जाणे. मी तिला जवळ घेतलं. ती रडत होती आणि मला तिच्या साडीचा धुराचा वास येत होता, बाकी काही जाणवत नव्हतं. साहेब मांडीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, “फोटो आना इकडं. आनि हार घेऊन या बजारातून.”

हार येईपर्यंत आम्ही थांबलो. काळा चहा प्यालो. तिनं स्वतःच्या हातानं फोटोला हार घातला, सारखा केला. मग आम्ही निघालो. ती दोघंही रस्त्यापर्यंत आली. तिनं उंबरा ओलांडताना मागे हात नेऊन दार ओढून घेतलं, तेवढं मी पाहिलं.

पुढचं काय सांगायचं. त्या दिवशी दीक्षान्तात त्यांची खुर्ची रिकामी राहिली, कुलगुरू संतापले, पण पेपरात पदवी दिल्याची बातमी छापून आली होती ती आलीच. साहेबांनी खुलासा केला नाही. तेरवीला ते बुटीबोरीला जाऊन आले. त्यानंतर ते फारसे बाहेर दिसायचे नाहीत. संत्रीवाल्याशी बोलायचे, पण शुद्ध मराठीत. परवा गेले, दुपारच्या झोपेत.

मला मात्र ते त्या गाडीतलेच आठवतात. गाडी सुरू झाली आणि साहेब सीटवर पूर्ण मागे वळून बसले, गुडघा दुमडून, लहान पोरासारखे. मागच्या काचेतून ती दोघं दिसत होती. आम्ही कोपऱ्यावर वळलो. मागे आता फक्त कारखान्याची लांबच लांब भिंत होती. मी म्हटलं, साहेब, वळलो आपण, नीट बसा.

“हो जी,” ते म्हणाले, आणि तसेच मागे पाहत राहिले.